मे महिन्यातलं परडं

शिरोड्याला मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या वर क्वचितच जातो. नागपूरकरांना ही थंडीच वाटेल. तरी भाजीला इथला उन्हाळा छळतो, कारण रात्र गार होत नाही.

आमचे शेजारी हौसेने मार्चमध्ये टोमॅटोची रोपं लावतात आणि एप्रिल सरताना गडग्याशी येऊन तक्रार करतात, "वयनी, फुलां येतत, पण एक टोमॅटो धरणा नाय!" धरणार कसा? रात्रीचं तापमान चोवीसच्या खाली उतरलं नाही की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल गळून पडतं. तिथे खत, फवारणी कशाचा उपयोग नाही. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मुळा ही आमच्याकडे भात कापून झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायची पिकं. उन्हाळ्यात काय लावायचं नाही, हे आधी ठरवावं. निम्मा ताप तिथेच वाचतो.

मग मे महिन्यात खायचं काय? माझं उत्तर लाल माठ. कडक उन्हात बहुतेक झाडांची पानं मरगळतात, अन्न बनवायचं काम मंदावतं. माठाची पानं ऊस आणि नाचणीच्या जातकुळीतली. भर दुपारीही कमी पाण्यात त्यांचं काम चालू असतं. बी मात्र मोहरीपेक्षा बारीक, काळं, चकचकीत. तसंच भिरकावलं तर एका जागी दाट आणि बाकी वाफा बोडका. म्हणून मूठभर बारीक रेतीत मिसळून फेकते, वरून हाताने माती नुसती चाळवते आणि वाफ्याभोवती चुलीतली राख ओढते, नाहीतर मुंग्या रातोरात बी वाहून नेतात. वर माडाची चुडतं. तीन-चार दिवसांत अंकुर दिसले की चुडतं काढायची, पण संध्याकाळीच. सकाळी काढली तर दुपारपर्यंत सगळं करपलेलं असतं. महिन्याभरात भाजी उपटायला येते. वरून कांदा आणि ओलं खोबरं, बस्स.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती खास आमच्या गावची. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याची मिठागरं सगळ्यांना माहीत झाली. ज्या खाडीच्या पाण्यावर मीठ पिकतं, तिच्या जवळच्या विहिरी एप्रिलपासून मचूळ होऊ लागतात. पाऊस पडतो तेव्हा धो धो, पण जांभ्यात आणि रेतीत तो ठरत नाही. मचूळ पाण्यावर घेवडा, मुळा, मिरची आधी माना टाकतात. चवळी बऱ्यापैकी तग धरते. अशा विहिरीचं पाणी रोज शिंपडू नये. पानावर सुकलं की कडा जळतात, आणि थोडं थोडं दिलं की मीठ वरच्या थरातच साचतं. दोन दिवसांआड, पण आळं भरून द्यावं, म्हणजे मीठ खाली धुऊन जातं. आळ्यात नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून पुरली की ओल टिकते. सोडणं आमच्याकडे फुकट. शहरात त्यांचाच भुसा विकत घ्यावा लागतो!

मिरग लागला की मात्र परड्याला आवरणं कठीण. काकडी, दोडका, पडवळ, कारलं यांची बियाणी पहिल्या पावसात टोचायची आणि मांडव घालायचा, म्हणजे चतुर्थीला माटवीत टांगायला घरची फळं मिळतात. घरचं बी नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण घ्यावेत: दोडक्याचा कोकण हरिता, पडवळाचा कोकण श्वेता, कारल्याचा कोकण तारा. पावसात टिकलेले आहेत. वेलभाज्यांचा खरा शत्रू फळमाशी. कोवळ्या काकडीत ती अंडी घालते आणि आतून फळ सडतं. सडकी फळं वेलाखाली टाकून देऊ नयेत, खोल पुरावीत. मांडवाला क्यू ल्यूरचा सापळा टांगावा. नर त्यात अडकतात, म्हणजे पुढची पिढी आपोआप कमी.

माकडांचं काय, असं सगळेच विचारतात. फटाके, बुजगावणी, कुत्रा, सगळं त्यांनी पचवलंय. गडग्यालगत मी आता सुरण, हळद आणि आलं लावते. त्याला माकडं हात लावत नाहीत. रानडुकरं लावतात, पण ती अजून आमच्या वाडीत आलेली नाहीत.