उणे चिन्ह विसरू नका!

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना निघालेली ही लहर सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षं दुरून आली होती. तिच्यामुळे लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये पडलेला फरक मात्र प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम चारशेव्या भागाइतका! या दोन लांबींची तुलना कशी कराल?

आधी दोन्ही मीटरमध्ये आणा. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ × १०^१५ मीटर आणि अब्ज म्हणजे १०^९. गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, म्हणून अंतर आलं सुमारे १.२ × १०^२५ मीटर. भुजांमधला फरक होता सुमारे ४ × १०^-१८ मीटर.

आता भागाकार. इथे घातांकांची वजाबाकी होते: २५ − (−१८) = ४३. उत्तर ०.३ × १०^४३, म्हणजेच ३ × १०^४२ पट. ते उणे चिन्ह विसरलात, तर घातांक येईल ७ आणि पट होईल फक्त ३० लाख!

अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहणार आहे. तिची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याआधी घातांकाचं चिन्ह बघा.