औषध बाधलं, तर लिहून कोण ठेवणार?

औषधाने आजार बरा होतो. पण तेच औषध एखाद्याला बाधतं. अंगावर गांधी उठतात, तोंड सुजतं. आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर म्हणतात, "ही गोळी बंद करा. दुसरी देतो." दोन दिवसांत बरं वाटतं. मग आपणही विसरतो आणि डॉक्टरही विसरतात.

इथे एक काम राहून जातं. कोणतं औषध घेतलं, किती घेतलं, काय झालं, हे सरकारला कळवायचं काम.

कळवून काय होतं? नवं औषध आधी काही शे किंवा काही हजार माणसांना देऊन पाहतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास त्यात दिसेलच असं नाही. औषध गावोगाव गेलं, की तो दिसू लागतो. पण एका दवाखान्यात असा एखादाच रोगी येतो. दहा ठिकाणच्या नोंदी एका जागी आल्या, तरच दोष उघडा पडतो.

थॅलिडोमाइड या औषधाचं असंच झालं. १९५७ पासून ते जर्मनीत विकलं जात होतं. झोपेसाठी घेत. पुढे गरोदर बायाही मळमळीवर घेऊ लागल्या. मग आखूड हातापायांची मुलं जन्माला येऊ लागली. अनेक देशांत मिळून अशी सुमारे १०,००० मुलं झाली. १९६१ साली जर्मनीत डॉ. लेन्झ यांनी आणि ऑस्ट्रेलियात डॉ. मॅक्ब्राइड यांनी या औषधाचा संशय बोलून दाखवला. मॅक्ब्राइड यांचं पत्र अगदी छोटं होतं. त्यांनी इतर डॉक्टरांना विचारलं, तुम्हीही असं पाहिलं आहे का?

मग सगळेच डॉक्टर का कळवत नाहीत? २००६ साली १२ देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. साधारणपणे शंभरांतले ९४ त्रास कळवलेच जात नव्हते. कुणाला वाटतं, आपल्यावरच ठपका येईल. कुणी म्हणतं, हा त्रास सगळ्यांना ठाऊकच आहे. कुणाला वेळ नसतो. दारात रोग्यांची रांग असते, ते आम्हाला समजतं. पण सर्वांत महाग पडतं ते "खात्री नाही" हे कारण. अहो, खात्री कुणी मागितली आहे? नुसता संशय आला, तरी कळवायचं असतं. कळवलं म्हणजे डॉक्टरने चूक कबूल केली, असं होत नाही. रोग्याचं नावही गुप्त राहतं. डॉक्टरच नव्हे, नर्सबाई आणि औषध दुकानदारही कळवू शकतात.

आपल्या देशात २०१० पासून ही व्यवस्था आहे. तिचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. मेफेनॅमिक ॲसिड हे पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं औषध. त्याने क्वचित अंगावर पुरळ आणि ताप येऊन आतल्या अवयवांनाही इजा होते. आलेल्या नोंदी पाहून २०२३ साली केंद्राने तशी सूचना काढली.

तेव्हा औषध बाधलं, तर गोळ्यांची पट्टी फेकू नका. ती घेऊन दवाखान्यात जा. पट्टीवरचा बॅच नंबर नोंदीत लागतो. क्षयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मात्र न विचारता सोडू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, हे कळवणार का?" नाही म्हणाले, तर आपणही कळवू शकतो. अर्ज मराठीत मिळतो. फोन करायचा तर नंबर १८००-१८०-३०२४. त्याला पैसे पडत नाहीत.