एकाच रोग्याच्या अनेक नोंदी

रक्तदाबावरील एखाद्या नव्या औषधाची चाचणी ५० रोग्यांवर घेतली आणि प्रत्येकाचा दाब महिन्याच्या अंतराने चार वेळा मोजला, म्हणजे दप्तरात २०० आकडे जमा होतात. परंतु २०० रोगी तपासले असे समजून जो हिशेब मांडील, तो एकाच साक्षीदाराची चार वेळा घेतलेली जबानी चार साक्षीदारांची म्हणून न्यायासनापुढे ठेवील. ज्याचा दाब आज इतरांहून अधिक, त्याचा पुढील महिन्यातील दाबही बहुधा अधिकच भरतो. आणि कोणत्याही दोन मापनांतील हा सहसंबंध ०.६ इतका धरला, तर सरासरी ठरविण्याच्या कामी त्या २०० आकड्यांचे मोल सुमारे ७१ स्वतंत्र रोग्यांच्या नोंदींइतकेच उरते. मात्र काळानुसार घडणारा बदल शोधावयाचा असेल, तेव्हा हाच सहसंबंध उपकारक होतो. कारण त्याच रोग्याच्या आधीच्या व नंतरच्या दाबाची वजाबाकी करताना माणसामाणसांतील मूळची तफावत बव्हंशी आपोआप वजा होते.

१९८२ साली नॅन लेअर्ड व जेम्स वेअर यांनी या विश्लेषणाची जी रीत मांडली, तीत सर्व रोग्यांची मिळून एक सामान्य रेषा आणि तिच्या आसपास प्रत्येक रोग्याची स्वतःची रेषा कल्पिलेली असते, त्यामुळे कोणी ठरल्या तारखेस आला नाही किंवा एखादी भेट चुकली, तरी त्याच्या उरलेल्या नोंदी वाया जात नाहीत.

खरी कसोटी लागते ती मध्येच चाचणी सोडून जाणाऱ्यांपाशी. अशा रोग्याच्या अखेरच्या भेटीतला आकडाच पुढील सर्व रिकाम्या रकान्यांत उतरवून तक्ता पुरा करण्याचा प्रघात बरीच वर्षे होता. स्मृतिभ्रंशासारख्या उत्तरोत्तर बळावणाऱ्या विकारात त्याचा परिणाम काय होतो, तो पाहावा: औषध सोसेनासे होऊन जो दुसऱ्याच महिन्यात निघून गेला, त्याची स्मृती कागदावर वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या महिन्याइतकीच शाबूत राहते, आणि जितके रोगी लवकर गळतील तितके ते त्रासदायक औषध गुणकारी भासू लागते. इतका गंभीर दोष केवळ सोयीखातर चालू राहावा, हे मला अक्षम्य वाटते.

लेअर्ड-वेअर यांची रीतसुद्धा येथे एका अटीवरच निभावते: रोगी का गळाला, याचा उलगडा त्याच्या आधीच्या नोंदींवरून होण्याजोगा असला पाहिजे. पुढे प्रकृती ढासळली म्हणूनच जो आला नाही आणि ज्याची ती ढासळण कोठेही नोंदली गेली नाही, त्याच्याविषयी कोणतेही गणित खात्रीने बोलू शकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१० च्या अहवालात रिकामे रकाने भरण्याच्या युक्त्यांपेक्षा ते रिकामे राहू न देण्यावर भर दिला तो यासाठीच. औषध बंद केलेल्या रोग्यालाही ठरल्या तारखांना बोलावून त्याचे मापन चालू ठेवावे आणि औषध सोडण्याचे कारण लिहून घ्यावे, अशी तिची शिफारस आहे.