एक प्रथिन बिघडते तेव्हा...

पाढे पाठ होणे, ओळखीचा चेहरा गर्दीत नेमका टिपणे किंवा सायकल चालवायला शिकणे, या साऱ्या क्रिया मेंदूतील पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म सांध्यांवर अवलंबून असतात. या सांध्यांना ‘सिनॅप्स’ म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ही संज्ञा वापरात आणली. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि दोन पेशींमधील सिनॅप्सची फट जेमतेम २० नॅनोमीटरची असते. एक पेशी ग्लुटामेटसारखे रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरील ‘रिसेप्टर’ ते टिपतात आणि संदेश पुढे जातो, एवढे आपल्याला ठाऊक असते. मात्र, हे चित्र अपुरे आहे.

रिसेप्टरच्या खाली प्रथिनांचा एक दाट थर असतो. त्यातील ‘पीएसडी-९५’ हे प्रथिन जोडणीचे काम करते. एकीकडे ते ‘एनएमडीए’ या रिसेप्टरला धरून ठेवते, तर दुसरीकडे ‘सिनगॅप’सारख्या प्रथिनांना. आलेल्या संदेशाचे पुढे काय करायचे, हे अशा जोडण्यांमधून ठरते.

जोडणी किती महत्त्वाची, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसून आले. संशोधकांनी उंदरांमधील पीएसडी-९५ च्या जनुकात बदल केला. उंदरांचे एनएमडीए रिसेप्टर जागच्या जागी होते, त्यांचे कामही सुरळीत चालू होते. सिनॅप्सची संदेश बळकट करण्याची क्षमता तर वाढलीच होती. तरीही हे उंदीर शिकण्यात मागे पडले. संदेश नुसता पोहोचणे पुरेसे नसते. पलीकडील प्रथिनांचा ताळमेळही तितकाच आवश्यक असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग या थरात आहे तरी कोण कोण? त्यासाठी शास्त्रज्ञ एका प्रथिनाला गळ लावतात. त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीच्या साह्याने ते बाहेर ओढले की त्याचे साथीदारही सोबत येतात. नंतर ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ या यंत्रावर त्यांचे तुकडे मोजून प्रत्येकाची ओळख पटवली जाते. सेठ ग्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये या पद्धतीने एनएमडीए रिसेप्टरशी निगडित सत्तरहून अधिक प्रथिने शोधली. पुढे याच संशोधकांच्या गटाने मेंदूवरील शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींमधून हा संपूर्ण थर वेगळा केला आणि त्यात १,४६१ प्रथिने आढळल्याचे २०१० च्या अखेरीस जाहीर केले. ती तयार करणाऱ्या जनुकांतील दोषांचा संबंध मेंदूच्या १३० हून अधिक विकारांशी असल्याचेही दिसून आले.

ही यादी केवळ प्रयोगशाळेपुरती नाही. कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये कारण न कळलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या ९४ रुग्णांची तपासणी केली. त्यांपैकी तिघांमध्ये सिनगॅपच्या जनुकात बिघाड आढळला. हा बिघाड त्यांच्या आईवडिलांमध्ये नव्हता; तो मुलांमध्ये नव्याने उद्भवला होता. ‘आमचे काय चुकले?’ या प्रश्नाने वर्षानुवर्षे पोखरल्या जाणाऱ्या पालकांना यातून एक उत्तर मिळाले. दोष ना गरोदरपणातील एखाद्या चुकीचा होता, ना संगोपनाचा.

निदान म्हणजे उपचार नव्हे, हेही तितकेच खरे. या विकारात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली, तरी दुसरी शाबूत असते. तिच्याकडून अधिक प्रथिन मिळवता येईल का, यावर आता संशोधन सुरू आहे. मात्र, हजाराहून अधिक प्रथिने एकमेकांत गुंतलेली असताना एकाला धक्का लावला की इतरांचे काय होते, हे आधी तपासावे लागते. प्रथिनांची नावे कळली आहेत. त्यांचे परस्परांशी असलेले नाते उलगडणे, हे खरे आव्हान आहे.