कोड दाखवतो, दोष शोधावा लागतो

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की इंजिनावर नजर ठेवणाऱ्या संगणकाने (ईसीयू) बिघाडाची नोंद केलेली असते. ही पाच अक्षर-अंकांची नोंद, म्हणजेच कोड, स्कॅनर वाचतो. ही सोय मिस्त्रीसाठी नव्हे, प्रदूषण आवरण्यासाठी सक्तीची झाली: अमेरिकेत १९९६पासून, भारतात पहिला टप्पा एप्रिल २०१० आणि दुसरा एप्रिल २०१३. म्हणून परभणी-जिंतूरच्या गॅरेजांत त्याआधीची गाडी आली, तर हा स्कॅनर लागेलच असे नाही.

स्कॅनर जोडायचे सोळा पिनांचे सॉकेट स्टिअरिंगखाली असते. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट येतो, त्यामुळे स्कॅनरला वेगळा वीजपुरवठा लागत नाही. चावी ‘ऑन’ केली की कोड दिसतात. पहिले अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी चासी, बी बॉडी, यू संगणकांमधला संवाद. पुढचा अंक शून्य असेल तर कोड सहसा सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला एबीएस, एअरबॅगचे कोड बहुधा वाचता येत नाहीत.

खरे काम यानंतरचे. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर; कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर की कमी कॉम्प्रेशन, हे कोड सांगत नाही. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. पी ०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. ‘सेन्सर गेला’ म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे हा महागडा उतावीळपणा. आधी फाटलेला रबरी पाइप, हवेची गळती आणि इंधनाचा दाब तपासावा. कोड पडला त्या क्षणाचे तापमान, वेग, आरपीएम ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठलेले असते, ते वाचल्याशिवाय पाना उचलू नये.

बीएस-६ डिझेल गाडी शहरातल्या शहरातच फिरली, तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचून पी २४६३ येऊ शकतो. दिवा नुकताच लागला असेल, तर परभणीहून कल्याण-निर्मल महामार्गावर वसमतच्या दिशेने सलग वेगात चालवली तरी काजळी अनेकदा जळून जाते. साठा फार वाढला, की स्कॅनरवरून आज्ञा देऊन ती जाळावी लागते.

दुरुस्तीपूर्वीच कोड पुसला तर दिवा विझतो, फ्रीझ फ्रेमही जाते आणि दोष कायम राहतो. म्हणून आधी कोड लिहून घ्यावा, दोष काढावा, मग पुसावा आणि गाडी फिरवून पुन्हा वाचावे.