कापडावरचा जंतू मेला, पुढे काय?

आजचा विषय आहे जंतुरोधक कापड. म्हणजे दवाखान्यातल्या चादरी, गाऊन, पडदे, मास्क यांवर जंतू टिकू नयेत म्हणून खास प्रक्रिया केलेलं कापड. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग या विषयात आम्ही कशाला, असं कोणी विचारेल. तर 'अमुक सिद्ध झालं आहे' असं म्हटलं की नेमकं काय सिद्ध झालं, हे विचारणं हा आमच्या शास्त्राचा जुना उद्योग. इथे त्या प्रश्नाशी पैसाही बांधलेला आहे आणि माणसाचा जीवही.

आधी अडचण पाहू. पेशंट एका आजारासाठी भरती होतो आणि तिथेच दुसरा संसर्ग घेऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत भरती झालेल्या दर १०० पेशंटपैकी १५ जणांना असा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. यात कापडाचाही वाटा असू शकतो. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दवाखान्यातल्या कापडांवर आणि प्लास्टिकवर स्टॅफिलोकोकस आणि एंटेरोकोकस हे जंतू किमान एक दिवस जगले, काही तर ९० दिवसांहून अधिक.

यावर उपाय दोन रीतींनी करतात. पहिल्या रीतीत चांदी किंवा तांबं धाग्यात मिसळतात. ओलाव्यात त्यांचे आयन हळूहळू सुटतात आणि जंतूच्या पेशीचं काम बंद पाडतात. दुसऱ्या रीतीत एखादं रसायन धाग्याला पक्कं चिकटवतात, ते स्पर्श होताच जंतूचं आवरण फोडतं. पहिल्यात औषध संपत जातं. दुसऱ्यात वर रक्त-घामाचा थर बसला की जंतू रसायनापर्यंत पोचतच नाही. पुण्यातल्या थिंकर टेक्नॉलॉजीज या कंपनीने करोनाकाळात केलेला मास्क या दुसऱ्या विचाराचाच. त्यावरचा लेप साबणासारख्या रसायनाचा होता. करोना विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, आणि साबण स्निग्ध पदार्थ मोडतो, हे आपण रोज भांडी घासताना पाहतोच.

आता आपल्या जवळचं उदाहरण. भीमाशंकरकडच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, वाळवून विकतात. हिरड्यात टॅनिन भरपूर. सुती कापड रंगवणारे कारागीर पूर्वापार कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवत आले, कारण टॅनिन सुताला धरून बसतं, आणि मग तुरटी टॅनिनला. हेच टॅनिन जंतूंच्या प्रथिनांनाही धरतं. हिरड्याचा अर्क लावलेल्या सुती कापडावर जंतू कमी वाढतात, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. पण धुणं झालं की हा गुण उतरत जातो. उद्या कोणी घोडेगावात येऊन 'तुमच्या हिरड्यापासून दवाखान्याचं कापड' अशी योजना मांडली, तर आपल्याला आनंदच होईल. फक्त त्याला नीट प्रश्न विचारता आले पाहिजेत, बरं का.

'९९.९ टक्के जंतू नष्ट' हा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर जंतूंचं द्रावण टाकतात, उबेत १८ ते २४ तास ठेवतात, आणि साध्या कापडाच्या तुलनेत किती जिवंत उरले ते मोजतात. आकडा खोटा नाही. पण तो तुकडा ओला, उबदार आणि स्वस्थ असतो. वॉर्डातला गाऊन कोरडा असतो, आणि नर्स पाच मिनिटांत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अतिदक्षता विभागातल्या ४० नर्सना साधे आणि दोन प्रकारचे जंतुरोधक गणवेश आळीपाळीने दिले. २०१७ साली निष्कर्ष छापून आला: पाळी संपेपर्यंत कपड्यांवर जमणाऱ्या जंतूंत फरक पडला नाही. उलट इस्राएलमध्ये मेंदूच्या दुखापतींच्या एका वॉर्डात तांब्याचं ऑक्साइड असलेल्या चादरी-कपडे वापरले, तेव्हा संसर्ग सुमारे २४ टक्क्यांनी कमी नोंदले गेले. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. यावर आमचा तर्क असा: अंथरुणाला खिळलेला पेशंट चादरीवर तासन्‌तास, घामासह पडून असतो, म्हणजे परिस्थिती प्रयोगशाळेच्या बरीच जवळ जाते. तरी एक खोच राहतेच. तिथे तुलना आधीच्या काळाशी होती, आणि काळ बदलला की चादरीखेरीज इतर गोष्टीही बदललेल्या असू शकतात.

सेमेलवाइस आठवा. १८४७ साली व्हिएन्नात त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा मान्य झालेला नव्हता. त्याने मोजले ते बाळंतिणींचे मृत्यू. एप्रिलमध्ये ते १८ टक्के होते, जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. कारण पूर्ण ठाऊक नव्हतं, पण मोजायचं काय ते त्याला बरोबर कळलं होतं.

तेव्हा ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीसमोर असं कापड विकायला आलं, तर तिने विचारावं: दवाखान्यातल्या गरम पाण्याच्या किती धुण्यांनंतर गुण टिकतो? कोरड्या कापडावर किती वेळात परिणाम होतो? आणि पेशंटचे संसर्ग कमी झाले का, ते कोणी मोजले? शिवाय चांदीलाही जंतू सरावतात. बोस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याचं १९७५ सालीच नोंदलं गेलं आहे.

चादर महाग घ्या की साधी, ती ७१ अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं धुणं आणि दोन पेशंटांच्या मधे हात धुणं यांना सुट्टी नाही. आणि संसर्गाची नोंदवही आजपासून ठेवावी. ती नसेल तर उद्या आणलेल्या कापडाने काही साधलं की नाही, हे सांगायला आपल्याकडे आधारच उरणार नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.