परमुलखातील मोटार: आधी विक्री, मग खरेदी

२०२५ च्या मार्च महिन्याच्या २९ तारखेस संयुक्त अरब अमिरातीचा नवा वाहतूक कायदा अमलात आला आणि मोटार चालविण्याच्या परवान्याची वयोमर्यादा अठरावरून सतरावर उतरली. ही वार्ता आपल्याकडील वृत्तपत्रांनी चार ओळींत आटोपली असली, तरी दुबई-शारजातील ज्या मराठी घरांत बारावीतला मुलगा आणि इमारतीखाली उभी असलेली एकुलती एक गाडी यांचा संबंध आजवर केवळ मागल्या सीटपुरता होता, त्या घरांत तिने रात्रीच्या जेवणाला एक नवेच प्रकरण उपस्थित केले आहे. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका घटनेस वर्ष पुरे झाले. २०२४ च्या १६ एप्रिलला जो पाऊस कोसळला, त्यात अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाणी पडले. कोकणातील माणसास या आकड्याचे नवल वाटणार नाही. परंतु ज्या दुबईत अवघ्या वर्षाचा पाऊस मिळून चार इंचांच्या आसपास भरतो, तेथील भुयारी वाहनतळांत आणि सखल रस्त्यांवर त्या दिवशी ज्या गाड्या बुडाल्या, त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. या दोन गोष्टींची गाठ पडते ती जुन्या गाड्यांच्या बाजारात, कारण एकीने तेथे गिऱ्हाईक वाढविले आहे आणि दुसरीने माल.

परदेशात कुटुंबासाठी गाडी कोणती घ्यावी या विषयावर येथील, म्हणजे अमिरातीतील, मराठी मंडळींत जी चर्चा चालते, ती रंगापासून, आसनांच्या संख्येपासून, नाहीतर शेजाऱ्याने काय घेतले येथपासून सुरू होते. माझ्या मते ती ज्या दिवशी गाडी विकावयाची त्या दिवसापासून सुरू व्हावयास हवी. येथे आलेल्या बहुतेकांचा मुक्काम निवासी व्हिसावर अवलंबून, व्हिसा नोकरीवर अवलंबून, आणि नोकरी ज्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून, तिला आपल्या गाडीचे किती हप्ते उरले आहेत याची विचारपूस करण्याचे काही कारण नसते. मध्यवर्ती बँकेच्या २०११ च्या नियमांनुसार गाडीसाठी किमतीच्या शेकडा ८० पर्यंत कर्ज मिळते आणि ते साठ महिन्यांत फेडावे लागते. खाजगी नोकरदाराचा व्हिसा सामान्यतः दोन वर्षांचा; तेव्हा दोन वर्षांच्या भरवशावर पाच वर्षांचा करार करणारा माणूस धाडसी म्हणावा की निष्काळजी, हे ज्याचे त्याने ठरवावे. कर्ज असेतोवर गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याला येथे सगळेच मुल्किया म्हणतात, बँकेचे तारण नोंदलेले असते आणि कर्ज बेबाक झाल्याचा दाखला हाती पडल्याखेरीज मालकी हस्तांतरित होत नाही. २००८-०९ च्या मंदीत दुबई विमानतळाच्या वाहनतळावर धूळ खात पडलेल्या गाड्यांची जी चर्चा जगभर झाली, तिच्यात संख्येची अतिशयोक्ती पुष्कळ होती. परंतु त्या गाड्या तेथे कशा पोहोचल्या असतील, हे कळण्यास हा एवढा नियम पुरेसा आहे.

शारजातील सूक अल हराज या जुन्या गाड्यांच्या बाजारात एका हिवाळ्यात एका परिचित कुटुंबासोबत जाण्याचा योग आला. सोबत गाड्यांची पारख करणारे खेडकडचे एक वयस्क गृहस्थ होते, ज्यांची उभी हयात येथल्या औद्योगिक वसाहतीतील गॅरेजांत गेली आहे आणि ज्यांच्याविषयी या लेखात प्रमाणाबाहेर लिहिले जाणार याची मला कल्पना आहे. पण गाडीच्या बाबतीत यांच्याइतके उपयुक्त असे काही मला दुसऱ्या कोणीच सांगितलेले नाही. एक पांढरी, धुऊन-पुसून लखलखीत केलेली मोठी गाडी पाहून यजमान विरघळले होते. गृहस्थांनी बॉनेट उघडलेच नाही. ते मागल्या सीटवर जाऊन बसले, सीटबेल्टचा पट्टा हातात घेतला आणि म्हणाले, “ओढा साहेब, पार शेवटापर्यंत ओढा.” एरवी गुंडाळलेला राहणारा तो शेवटचा वीतभर भाग बाहेर आला, तेव्हा त्यावर चहाच्या रंगाची एक आडवी रेघ दिसली. “धुणारा पट्टा धुतो, पण जेवढा दिसतो तेवढाच,” एवढेच भाष्य करून त्यांनी सीटखालचे लोखंडी रूळ बोटाने चाचपले, हेडलाइटच्या काचेआड साचलेला दमट धूसरपणा दाखविला आणि सात वर्षांच्या गाडीत कोरे करकरीत कार्पेट कोणी कशासाठी घातले असेल, असा प्रश्न विक्रेत्याला न विचारता यजमानांना विचारला. गाडीत उदाच्या अत्तराचा घमघमाट होता, तोही त्यांच्या लेखी पुरावाच होता. पाण्यात बुडालेली मोटार वाळली की चालते. तिच्या तारांच्या जोडांत गंज धरतो तो पुढे सवडीने, आणि मग कधी खिडकीची काच उतरत नाही तर कधी एअरबॅगचा दिवा विझत नाही.

पट्ट्यानंतर त्यांनी टायर दाखविला. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२० असे असेल तर तो टायर २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये त्याची पाच वर्षे भरली. आणि पाच वर्षांवरचा टायर येथल्या वार्षिक तपासणीत बाद ठरतो, मग त्याची नक्षी कितीही शाबूत असो. वाळवंटी उन्हात रबर आतून चिरते ते वरून दिसत नाही. चार टायरांची किंमत सौद्यातून वजा करून घेण्याची ही संधी मराठी माणूस भिडेखातर सोडतो, असे गृहस्थांचे मत आहे आणि माझेही.

यापुढचा भेद आखाती गाडी आणि अमेरिकी गाडी यांतला. आखाती मानकांनुसार आणलेल्या गाडीत उष्णतेचा विचार करून शीतन यंत्रणा आणि वातानुकूलन अधिक क्षमतेचे दिलेले असते, शिवाय स्थानिक एजन्सीची हमी असते. तर अमेरिकेत अपघातात किंवा पुरात सापडून विमा कंपनीने निकालात काढलेल्या कितीतरी गाड्या तेथल्या हर्रासात विकत घेऊन येथे आणल्या जातात, दुरुस्त होतात आणि वेगमापकावर मैलांचे आकडे मिरवीत स्वस्तात विकावयास उभ्या राहतात. हे स्वस्तपण विकत घेणाऱ्याला गोड वाटते. परंतु पुढे तोच विकावयास उभा राहिला की समोरचे गिऱ्हाईक गाडी अमेरिकी आहे काय, हाच पहिला प्रश्न विचारते आणि भाव तेथेच कोसळतो. कुटुंबासाठी अमेरिकी गाडी घेऊच नये, या मतावर मी ठाम आहे.

वातानुकूलनाविषयी तर मी हट्टी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शारजात दुपारी तीन वाजता उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले की आतून जी हवा अंगावर येते, ती अनुभवल्याशिवाय सनरूफची मिजास किती फोल आहे हे कळत नाही. इंजिनाची शक्ती, पुढला भलाथोरला पडदा, दरवाजातून जमिनीवर पडणारे प्रकाशचित्र ही सारी विक्रेत्याची भाषा आहे. आपण विचारावे ते एवढेच, की मागल्या आसनांसाठी वाऱ्याच्या स्वतंत्र झडपा आहेत काय, आणि गाडी सिग्नलला उभी असताना त्यांतून थंड वारा येतो काय. हा प्रयोग हिवाळ्यात करून उपयोग नाही. मे महिन्यात, भर दुपारी करावा.

सात आसनांच्या गाडीचा मोह येथे घरोघर आहे आणि त्याचे कारण हृद्य आहे: गावाहून आई-वडील येतात. ते येतात दोन महिन्यांसाठी, आणि बहुतेक गाड्यांत तिसरी रांग ही गुडघे छातीशी घेऊन बसण्याची जागा असल्याने, ज्यांच्यासाठी ती घेतली त्यांनाच तेथे बसविता येत नाही. म्हणून नातवंडे मागे जातात आणि उरलेले दहा महिने त्या जागेत क्रिकेटची बॅट आणि पाण्याचा खोका प्रवास करतात. लहान मुलांचा हिशेब वेगळा. चार वर्षांखालील मुलासाठी बालआसन येथे सक्तीचे आहे आणि दहा वर्षांखालील किंवा १४५ सेंटिमीटरहून बुटक्या मुलास पुढे बसविता येत नाही, नाहीतर ४०० दिरहम दंड आहे. दोन बालआसने लावल्यावर मध्ये आजीला बसता येते काय, हे दुकानात आसने घेऊन जाऊन लावून पाहावे. विक्रेता कंटाळेल, त्याची पर्वा करू नये.

नावाच्या बाबतीत येथे टोयोटा हे कुलदैवत आहे, आणि कुलदैवताविषयी युक्तिवाद करीत नाहीत. तिची जुनी गाडी विकावयास त्रास पडत नाही एवढे खरे, आणि माझ्या हिशेबात तेच मोठे आहे. निस्सानच्या सनीने कितीतरी मराठी संसारांचे पहिले दशक वाहून नेले. हल्ली जेटूर, एमजी इत्यादी चिनी गाड्या त्याच पैशांत दुप्पट थाट देतात. दहा वर्षांनी त्यांचा भाव काय उरेल ते दहा वर्षांनीच दिसेल. पेट्रोलच्या खर्चाची आपली मुंबईची सवय येथे दिशाभूल करते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथे लिटरला १०३ रुपये पडत आणि येथे अडीच दिरहमांच्या आत-बाहेर, म्हणजे अठ्ठावन्न रुपये; अशा वेळी मुंबईकरास येथला भाव हलका वाटतो आणि तो नको तेवढी मोठी गाडी घेऊन बसतो. खरा भार विम्याचा आहे. शिवाय शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यास दुबईच्या सालिक यंत्रणेचे टोल आहेतच, जे २०२५ च्या जानेवारीच्या ३१ तारखेपासून गर्दीच्या वेळी सहा दिरहम झाले. हे शुल्क लहान-मोठी गाडी ओळखत नाही.

गाडी भारतात नेता येईल, असे अजूनही काहींना वाटते. तीन वर्षांहून जुनी नको, सुकाणू उजव्या बाजूस हवे, दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस योग्य हवेत आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी, असा आपल्याकडील नियम आहे; जकात तर किमतीलाही ओलांडून जाते. येथे सर्वांचे सुकाणू डावीकडे असते, त्यामुळे प्रश्न बंदरापर्यंत पोहोचतच नाही.

राहते ते येथेच विकणे. शाळांना सुट्टी लागण्यापूर्वी, जूनच्या आगेमागे, सोडून जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या एकदम बाजारात येतात आणि भाव पडतात. ज्यास आपला जाण्याचा महिना ठाऊक आहे त्याने फेब्रुवारीतच जाहिरात द्यावी आणि शेवटचे काही महिने भाड्याच्या गाडीवर काढावे. कित्येकजण मित्राच्या नावे मुखत्यारपत्र करून निघून जातात. मुल्कियावर नवे नाव चढेपर्यंत वेगमर्यादेचा प्रत्येक दंड आणि प्रत्येक टोल जुन्या मालकाच्याच खात्यावर नोंदला जातो, मग तो मालक दादरला असो की डोंबिवलीला.